लाल डोळा आणि मेडिकलमधली बाटली

शाळा सुरू झाल्या, पावसाने जोर धरला की दरवर्षी एक बातमी ठरलेली असते : अमुक तालुक्यात डोळ्यांची साथ. मग वर्गात एकेक बाक रिकामा दिसू लागतो, घरात आधी धाकटा, मग थोरला, मग आई असे क्रमाने लाल डोळे होतात आणि औषधाच्या दुकानासमोर काळे चष्मे घातलेल्यांची रांग लागते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे चित्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पुण्याजवळच्या आळंदीत मुलांमध्ये सुरू झालेली साथ बघता बघता राज्यभर पसरली. बुलढाणा जिल्ह्यात सर्वाधिक रुग्ण नोंदले गेले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच राज्यातला आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. ही फक्त नोंदलेल्यांची संख्या. जे सरकारी दवाखान्यात गेलेच नाहीत, परस्पर मेडिकलमधून थेंब आणून मोकळे झाले, ते या आकड्यात नाहीत.

खरा विषय त्यांचाच आहे. साथ येते आणि जाते. विषाणूने आलेले डोळे बहुतेकांचे आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. पण त्या निमित्ताने घरात आलेली थेंबांची बाटली जात नाही. ती फ्रिजच्या दारात राहते, पुढच्या वेळी डोळा लाल झाला की बाहेर निघते आणि कधी कधी जे नुकसान साथीने केले नसते ते करून ठेवते.

लाली एक, कारणे अनेक

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू यांवर एक पातळ, पारदर्शक आवरण असते. त्याला सूज आली की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल दिसतो. म्हणजे लाली हा आजार नव्हे, ती तक्रार आहे. ताप जसा मलेरियातही येतो आणि साध्या सर्दीतही, तसेच हे. त्यामुळे ‘डोळा लाल झालाय, थेंब द्या’ ही मागणीच अपुरी आहे. कशाने लाल झाला, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

साथीतले डोळे बहुधा विषाणूमुळे येतात. अ‍ॅडिनोव्हायरस आणि एंटेरोव्हायरस हे त्यातले दोन मुख्य गट. डोळ्यातून पाणी वाहते, वाळू गेल्यासारखे खुपते, पापण्या सुजतात. एका डोळ्यातून सुरुवात होते आणि दोन-तीन दिवसांत दुसराही येतो. अ‍ॅडिनोव्हायरसमध्ये कधी घसा दुखतो, कानापुढची गाठ हाताला लागते. एंटेरोव्हायरसची साथ फार वेगाने पसरते, कारण लागण झाल्यापासून एक-दोन दिवसांतच डोळे येतात. यात काहींच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचे डाग दिसतात. ते पाहून घरचे घाबरतात, पण ते रक्त हळूहळू विरून जाते.

अशी साथ नवीन नाही. १९६९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात रक्ताळ डोळ्यांची मोठी साथ आली. माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून तिथल्या लोकांनी तिला ‘अपोलो’ हेच नाव दिले. ती साथ १९७१ मध्ये भारतात पोचली. बांगलादेश मुक्तीच्या काळात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते, त्यामुळे बंगाली माणसाने डोळे येण्याला ‘जॉय बांग्ला’ म्हणायला सुरुवात केली. नाव बदलले, विषाणूचा वाण बदलला, पण पसरण्याची रीत तीच राहिली : दाटीवाटी, दमट हवा आणि हात.

जिवाणूंमुळे येणाऱ्या डोळ्यांत पाण्यापेक्षा घट्ट, पिवळसर पू जास्त असतो. सकाळी पापण्या चिकटून बसतात. इथे अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग होतो. विषाणूच्या साथीत मात्र अँटिबायोटिक विषाणूचे काहीच बिघडवू शकत नाही.

तिसरा मोठा गट अ‍ॅलर्जीचा. त्याची खूण म्हणजे खाज. डोळे दुखण्यापेक्षा खाजत असतील, दोन्ही डोळ्यांना एकदम त्रास असेल, सोबत शिंका आणि नाक गळणे असेल, दरवर्षी ठरावीक दिवसांत हेच होत असेल, तर हे अ‍ॅलर्जीचे डोळे समजावेत. ते कुणाकडून येत नाहीत आणि कुणाला लागत नाहीत. कारण घरातली धूळ आणि त्यातले सूक्ष्म किडे असू शकतात, गाद्या-उशा, पाळीव प्राण्यांचे केस, बांधकामाची धूळ किंवा परागकण असू शकतात. रस्त्याच्या कडेला माजणारे गाजर गवत आपल्याकडचे जुने दुखणे आहे. १९५५ च्या सुमारास या गवताची देशातली पहिली ठळक नोंद पुण्यातच झाली. आज ते नाही असा तालुका शोधावा लागेल.

याशिवाय कोरडे डोळे आहेत. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते, वर एसीची कोरडी हवा असते. संध्याकाळी डोळे लाल होऊन चुरचुरतात. पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे खवले साचले तरी खाज आणि लाली येते. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मेडिकलच्या काउंटरवर मात्र पुष्कळदा सगळ्यांना एकच बाटली मिळते.

एका दिवसात पांढरा होणारा डोळा

ही बाटली बहुतेकदा ‘कॉम्बिनेशन’ची असते. त्यात एक अँटिबायोटिक आणि सोबत एक स्टेरॉईड असते. अँटिबायोटिक जंतू मारते. स्टेरॉईड जंतू मारत नाही, ते सूज दाबते. सूज दबली की लाली जाते, खाज थांबते आणि डोळा एक-दोन दिवसांत पांढराशुभ्र दिसतो. दुकानदाराला गुण आला, गिऱ्हाईक खूश, शेजारणीलाही तेच नाव सांगितले जाते. बाटली स्वस्त असते. डोळ्यांचा डॉक्टर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असतो. जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे आणि तपासणीची फी वेगळी. या हिशेबात जो माणूस मेडिकलमध्ये जातो त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर जे पर्याय आहेत त्यांतला परवडणारा पर्याय त्याने निवडलेला असतो.

पण स्टेरॉईडची किंमत बाटलीवर छापलेली नसते. ती तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिले ठिकाण बुबुळ. शेतात काम करताना उसाचे पाते, भाताची लोंबी, काडी-कचरा डोळ्याला लागतो. बुबुळावर ओरखडा येतो आणि त्यात बुरशी शिरते. दुसऱ्या दिवशी डोळा लाल होतो, खुपतो. अशा वेळी स्टेरॉईडचे थेंब टाकले तर दुखणे सुरुवातीला कमी वाटते आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस विषाणूही बुबुळावर असेच व्रण करतो आणि स्टेरॉईडने तोही फोफावतो. माणूस डॉक्टरकडे पोचेपर्यंत बुबुळावर पांढरा फुला पडायला लागलेला असतो. ज्या राज्यात लाखो हात ऊसतोडणीला आणि भातकापणीला जातात, तिथे ही साधी बाब नाही.

दुसरे ठिकाण भिंग. दीर्घकाळ स्टेरॉईड वापरले तर कमी वयातही मोतीबिंदू होऊ शकतो. त्यावर निदान शस्त्रक्रिया करता येते.

तिसरे ठिकाण डोळ्याच्या मागची नस, आणि इथे परतीचा रस्ता नाही. डोळ्याच्या आत सतत एक द्रव तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर झिरपतो. त्यामुळे डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान राहतो. काही लोकांत स्टेरॉईडमुळे ही जाळी तुंबते आणि दाब चढतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत बेकर आणि आर्मली या डॉक्टरांनी स्टेरॉईडचे थेंब चार-सहा आठवडे देऊन याचा अभ्यास केला. सुमारे एक तृतीयांश लोकांत दाब मध्यम प्रमाणात वाढला आणि शंभरात पाच-सहा जणांत तो फारच वाढला. आपण त्या पाच-सहांत आहोत की नाही, हे डोळ्यांचा दाब मोजल्याशिवाय कळत नाही. लहान मुलांत तर हा दाब अधिक लवकर आणि अधिक वाढू शकतो.

वाढलेला दाब बहुतेकदा दुखत नाही. डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरत जातात. नजर आधी कडेची जाते, समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते. हाच काचबिंदू. गेलेले तंतू कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाहीत.

खाजऱ्या डोळ्यांची मुले

सर्वाधिक धोका कुणाला आहे, हे पाहिले तर साथीतल्या रुग्णांपेक्षा अ‍ॅलर्जीची मुले पुढे येतात. साधारण पाच ते पंधरा वर्षांची मुले, त्यांत मुलगे जास्त, उष्ण आणि कोरड्या हवेचा प्रदेश. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत उन्हाळा लागला की अशा मुलांचे डोळे लाल होतात, भयंकर खाजतात, उजेड सहन होत नाही आणि दोऱ्यासारखी चिकट घाण येते. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग मळकट, तपकिरी दिसू लागतो. वरची पापणी उलटून पाहिली तर आत फरशीसारखे उंचवटे दिसतात. हा अ‍ॅलर्जीचाच एक हट्टी प्रकार आहे. तो वर्षानुवर्षे उलटतो. बहुतेक मुलांत वयात आल्यावर तो आपोआप ओसरतो.

म्हणजे हा आजार पाच-सात वर्षे सांभाळून नेण्याचा आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी तीव्र त्रासासाठी आठ-पंधरा दिवसांचे स्टेरॉईड लिहून दिलेले असते. ते योग्यच असते. पण चिठ्ठी घरात राहते. पुढच्या उन्हाळ्यात मुलगा डोळे चोळायला लागला की आई तीच चिठ्ठी किंवा रिकामी बाटली घेऊन मेडिकलमध्ये जाते. थेंब टाकले की पोराला झोप लागते, बंद केले की पुन्हा खाज. महिने जातात, वर्षे जातात. मुलगा फळ्यावरचे नीट वाचतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. सायकल चालवताना तो बाजूच्या माणसाला धडकायला लागतो, तेव्हा कुणीतरी त्याला दवाखान्यात नेते. नेत्रविभागाच्या ओपीडीत काम केलेल्या कुणालाही ही कहाणी ओळखीची वाटेल.

या मुलांसाठी दुसरे उपाय आहेत. स्वच्छ थंड पाण्याच्या पट्ट्या, बाहेर जाताना टोपी आणि साधा गॉगल, डोळे धुवून निघावेत म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब. ओलोपॅटॅडिन, केटोटिफेन यांसारखे अ‍ॅलर्जी रोखणारे थेंब मोसमभर वापरता येतात आणि त्यांत स्टेरॉईड नसते. हट्टी त्रासात सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम डॉक्टर देतात. त्यांना गुण यायला वेळ लागतो, पण डोळ्यातला दाब त्यांनी वाढत नाही. यात सर्वांत महत्त्वाची आणि बिनपैशाची गोष्ट म्हणजे डोळे न चोळणे. सतत चोळल्याने वाढत्या वयात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ शकते आणि चष्म्याचा नंबर वाकडातिकडा वाढत जातो. ‘चोळू नको’ असे रागावून मूल थांबत नाही. त्याची खाज कमी करावी लागते.

कायदा आहे, मग अडते कुठे?

स्टेरॉईड असलेले डोळ्यांचे थेंब औषध नियमांच्या ‘शेड्यूल एच’मध्ये मोडतात. वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विक्री करावी असा इशारा छापलेला असतो. म्हणजे नवा कायदा करण्याची गरज नाही. आहे तो काउंटरवर पाळला जात नाही, इतकेच.

पण सगळे खापर दुकानदारावर फोडून चालणार नाही. पुष्कळदा ही बाटली दवाखान्यातूनच लिहून मिळते. साथीच्या गर्दीत पन्नास रुग्णांना पन्नास वेळा समजावण्यापेक्षा कॉम्बिनेशनचे थेंब लिहिणे सोपे पडते. रुग्णालाही ‘औषध नको, आठ दिवसांत बरे होईल’ हे ऐकायचे नसते. नुसता सल्ला देणारा डॉक्टर त्याला कच्चा वाटतो. डॉक्टर, दुकानदार आणि रुग्ण या तिघांचेही तात्पुरते समाधान त्या एका बाटलीत होते. म्हणून ती टिकून आहे.

मग करता काय येईल? अन्न व औषध प्रशासनाने साथीच्या दिवसांत निदान या एका औषधगटावर लक्ष ठेवले तरी फरक पडेल. साथ कुठे आहे हे आरोग्य विभागाला रोज कळत असते. त्याच तालुक्यात स्टेरॉईडच्या थेंबांची विक्री किती झाली, त्याला चिठ्ठ्या किती, हे तपासणे अवघड नाही. दुसरे काम शाळेत होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत मुलांची तपासणी करतात. अक्षरांचा तक्ता वाचून घेतला जातो. पण काचबिंदूत समोरची नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे तक्ता वाचणारे मूल निरोगी ठरते. तिथे एकच प्रश्न वाढवावा : ‘डोळे खाजतात म्हणून थेंब टाकतोस का, आणि किती दिवसांपासून?’ ज्याचे उत्तर महिन्यांत येईल, त्याला दाब मोजण्यासाठी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे. या प्रश्नाला यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही.

घरी काय करावे, कधी धावावे

साथीत डोळे आले तर स्वच्छ पाण्याने डोळ्यांभोवती साफ करावे, थंड पट्ट्या ठेवाव्यात, खुपत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत. टॉवेल, उशी, रुमाल वेगळा ठेवावा. हात साबणाने धुवावेत. या विषाणूंवर सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी जास्त भरवशाचे. अ‍ॅडिनोव्हायरस दाराच्या कडीवर, मोबाइलवर दिवसचे दिवस तग धरतो. थेंबांची एक बाटली घरात सगळ्यांनी वापरली, तर तीच साथ पसरवते. उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यावी. डोळ्यांचे पाणी थांबेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये. नुसते बघितल्याने डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि डोळ्याला हात लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. दूध, मध, लिंबू, गुलाबपाणी, कुणाची लाळ यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. लाली घालवण्यासाठी मिळणारे रक्तवाहिन्या आकसवणारे थेंबही रोजचे करू नयेत. त्यांची सवय लागते आणि बंद केल्यावर डोळा आणखी लाल होतो.

काही लाल डोळे मात्र वाट पाहण्याचे नसतात. खूप दुखत असेल, नजर धूसर झाली असेल, उजेड अजिबात सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, काडी-कचरा लागून लाल झाला, तरी हेच. लाल डोळ्यासोबत डोके दुखून उलट्या होत असतील आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असतील, तर तो अचानक चढलेला काचबिंदू असू शकतो. महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल तर तास मोजावेत, दिवस नव्हे. चुना, अ‍ॅसिड, रंग डोळ्यात गेला तर आधी तिथल्या तिथे भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे.

आणि आज एक काम करावे. घरातली थेंबांची बाटली काढून तिच्यावरचे बारीक अक्षर वाचावे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही दिसले तर ते स्टेरॉईड आहे. डॉक्टरांनी सध्या लिहून दिले असेल तर घाबरून अचानक बंद करू नये. बुबुळावर ठिपके राहिले असतील किंवा अ‍ॅलर्जी फार भडकली असेल तर याच औषधाने डोळा वाचतो. फक्त किती दिवस टाकायचे आणि दाब कधी मोजायचा, हे दोन प्रश्न त्यांना विचारावेत. पण बाटली जुन्या चिठ्ठीची, शेजाऱ्याने सांगितलेली किंवा मेडिकलवाल्याने परस्पर दिलेली असेल, तर ती पुन्हा उघडू नये. महिनोन्‌महिने वापरली गेली असेल, तर नजर चांगली असली तरी एकदा दाब तपासून घ्यावा. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि तिला फारसा त्रास होत नाही.

आलेले डोळे आठवड्याभरात जातात. दाबाने गेलेली नजर मात्र परत येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्हींतला हा फरक लक्षात ठेवलेला बरा.